कुंद्याचा डबा आणि तुटलेली क्लच केबल

"बेळगावची पोरगी मोटारसायकलवर जाऊन जाऊन जाणार कुठं? आंबोलीला!" असं बेळगावातल्या आमच्या वडगावच्या शेजाऱ्यांनी चिडवलं, त्याच आठवड्यात मी मध्य आशियातल्या पामीर पर्वतात जायची तिकिटं काढली. सोबतीला निपाणीत राहणारा धाकटा भाऊ संजू. गाडीतलं त्याला कळतं, हट्टातलं मला.

किरगिझस्तानातल्या ओश शहरात दोघांत एक मोटारसायकल भाड्यानं घेतली. ताजिकिस्तानचा व्हिसा आणि पामीरचा परवाना ऑनलाइन मिळतो. प्रिंट जवळ ठेवा. दुकानदारानं हत्यारांच्या पिशवीत जादा क्लच केबल दिली होती. निघायच्या सकाळी मी ती गुपचूप काढून हॉटेलवर ठेवायच्या बॅगेत टाकली आणि त्या जागी कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा बसवला. मुक्काम लोकांच्या घरी होते. परक्याच्या दारात रिकाम्या हातानं जाणं आम्हा बेळगावकरांना जमत नाही.

दोन मुक्काम झकास झाले. गरम रोटी, रस्सा, चहा, सगळं राहण्याच्या पैशांतच. पण उंचीची सवय व्हायला पहिल्या मुक्कामाला, सारी-ताश गावात, एक दिवस जादा थांबायला हवं होतं. आम्ही घाई केली, तुम्ही करू नका.

तिसऱ्या दिवशी आक-बैताल खिंड, साडेचार हजार मीटरच्याही वर. फोटोसाठी थांबलो. निघताना क्लच दाबला, तर लिव्हर सैल. केबल तुटलेली. मागं बघते तर संजू खाली बसलेला, ओठ निळे.

"आक्का, डोस्कं फुटाय लागलंय. जादा केबल काढ की."

"पिशवीत न्हाय रं."

"मग म्याच हॉटेलात विसरलो बग."

खरं सांगायचं सोडून मी त्याच्या छातीला कान लावला. आत घरघर चालली होती. इथं थांबलो तर हा मरेल, एवढंच कळत होतं. तासभर एकही गाडी आली नाही.

"ऐक," तो धापा टाकत म्हणाला, "न्यूट्रलवर उताराला सोड. जोर आला की दुसरा गिअर टाक. क्लच लागत न्हाय. फकस्त थांबू नको."

"आन् तू पडलास तर?"

"बांध मला."

ओढणीनं त्याला माझ्या कमरेशी बांधलं आणि गाडी सोडली. गिअर पडताना असा हिसका बसला की मी किंचाळले. नुसती खडी आणि खड्डे. थोड्या थोड्या वेळानं मी ओरडायची, "संजू, बोल रं!" मागून "हाय, हाय" यायचं. एकदा दोन हाकांना उत्तर आलं नाही. तेवढ्यात आईला काय सांगायचं, ते मी ठरवू लागले होते.

मुरगाबच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्यानं सूप मागितलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले. गाडीला बसणारी एक वापरलेली केबल तिथल्या बाजारात मिळाली.

घरी येऊन तीन महिने झाले. अजूनही कुणी जिना चढून धापा टाकत आलं की मी आधी त्याचे ओठ बघते. संजू ठणठणीत आहे. निपाणीत ज्याला त्याला सांगत सुटतो, "माझ्या विसरभोळेपणापायी आक्काला लई तरास झाला." मी शेजारी बसून ऐकते. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, पण तो हा ब्लॉग वाचतो.

संजू, तू काय बी विसरला न्हवतास रं. केबल म्या काढलीती.