मुकं वावर

जानेफळजवळच्या त्या प्लॉटवर मी गाडी बंद केली आणि जागीच थांबले. काहीतरी चुकत होतं. कमरेएवढ्या कांद्याला पांढरे गोंडे आले होते, ऊन चढलं होतं, अख्खं वावर बहरात होतं. आणि आवाज नव्हता.

मी एका बियाणे कंपनीसाठी प्लॉट तपासते. शेतकरी कांदा लावतो, त्याला फुलांचे गोंडे येतात, त्यातलं काळं बी आम्ही घेतो. बहरातला प्लॉट बांधावरूनच ऐकू येतो, इतक्या मधमाश्या असतात. इथे मला माझ्या चपलेखालचा पाला ऐकू येत होता.

रामदासभाऊ आणि त्यांच्या पत्नी सिंधूबाई वाटच पाहत होते. त्यांचा हा पहिलाच प्लॉट. ओलिताचं सगळं रान त्यांनी यातच घातलं होतं. बी भरलं नाही तर प्लॉट बाद, आणि कंपनी पुन्हा त्यांना देणार नाही.

"म्याडम, वावर मुकं झालं," सिंधूबाई हळूच म्हणाल्या. "बाया निंदाले येत नाहीत. भेव वाटते म्हणतात."

भीतीवर माझ्याकडे उपाय नसतो. मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. पाणी ठीक. करपा नाही. फवारणी विचारली, तर बहर लागल्यापासून पंप बाहेरच काढलेला नव्हता. मग आधी उमललेल्या गोंड्यांची बोंडं दाबून पाहिली. कागदासारखी चेपली. आत काही नव्हतं.

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो. म्हणजे फूल स्वतःचं काम स्वतः करू शकत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. आमच्याकडे ते काम मुख्यतः आग्या मोहोळाच्या माश्या करतात.

मोहळं कुठे असतात, असं मी विचारलं. रामदासभाऊंनी नुसतं बांधावरच्या वडाकडे पाहिलं.

आम्ही झाडाखाली गेलो. आडव्या फांदीवर ओळीने काळे डाग होते. एका डागाला मूठभर माश्या चिकटून बसल्या होत्या. पोळं नव्हतं, तरी त्या तिथेच होत्या. हलत नव्हत्या.

"आमच्या बाबाच्या पुण्यतिथीचं पुण्यानुमोदन होतं," रामदासभाऊ म्हणाले. "सैपाक इथंच वडाखाली. चुलीचा धूर वर गेला असता तं पाव्हण्यांले चावल्या असत्या. म्हून आदल्या राती मीच मोहळं जाळाले लावले."

"मी म्हनलं होतं, घरी करू सैपाक," सिंधूबाई म्हणाल्या. "तं म्हने, बाबाले वडच आवडे."

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रिजेक्ट टाका आणि पुढच्या प्लॉटवर जा. मी म्हटलं, गोंड्यातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, निम्मी अजून बाकी आहेत. मधपेट्या पाठवा.

"पेट्या येईपर्यंत काय करणार?"

"हाताने करू."

हाताला मलमलचं कापड गुंडाळायचं आणि एका गोंड्यावरून दुसऱ्यावर फिरवायचं, एवढंच ते काम. सिंधूबाई घरोघर जाऊन बायकांना घेऊन आल्या. एरवी निंदताना ज्यांची तोंडं बंद नसतात, त्या बायका त्या दिवशी गप्प होत्या. पांढऱ्या फुलांवरून पांढरे हात सरकत होते आणि वावरभर फक्त कापड घासल्याचा आवाज होता. मी नोकरीत बरंच पाहिलं आहे, पण तिथे मला वडाकडे पाठ करून उभं राहवेना. एकीने मध्येच मान वर करून वडाकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. मीही.

पेट्या आल्या, बांधावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माश्या फुलांवर होत्या. पण वडावरची ती मूठ तोवर गळून मुळांशी पडली होती.

काढणीला आधीच्या बहराचे गोंडे पोकळ निघाले, नंतरचे भरले. उतारा कमी आला, पण बी उगवणीत पास झालं. साहेबांनी प्लॉट बाद केला नाही. पुढच्या हंगामात तो पुन्हा रामदासभाऊंनाच मिळाला. पुण्यानुमोदनाचा सैपाक त्या वर्षी घरी झाला.

बहर लागल्यावर त्यांचा फोन आला. उचलला तर कुणी बोलेना. मी दोनदा विचारलं. मग लक्षात आलं, त्यांनी फोन वावरात धरला होता. खूप लांबून, संथ, अखंड घूं ऐकू येत होतं.

"त्याच फांदीवर आल्या," रामदासभाऊ शेवटी म्हणाले. "काऊन आल्या असतीन?"

मी म्हटलं, का आल्या ते राहू द्या, फोन अजून थोडा वेळ वावरातच धरा.

तपासणीचा माझा क्रम मात्र बदलला आहे. पाणी, रोग, फवारणी हे सगळं नंतर. आधी गाडी बंद करायची आणि ऐकायचं.