न पाहिलेले अकरा सेकंद

ती क्लिप मी पूर्ण पाहिली नव्हती. पाहिली असं सांगितलं, आणि माझ्या सांगण्यावर एक माणूस विहिरीत उतरला. नंतर मी स्वतःला बरीच कारणं देत आलो. पाणी गढूळ होतं, मोबाईलच्या पडद्यावर ऊन पडत होतं, विहिरीच्या मालकाला घाई होती. तिन्ही खरी आहेत. चूक मात्र पहिल्या वाक्यातच आहे.

माझा पाचोऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी मी मुठीत मावेल एवढा, पाण्यात चालणारा ॲक्शन कॅमेरा घेतला आणि त्याच्या डोक्यावर बसणारा छोटा दिवा. जळगावच्या एका जलतरण तलावात एका जोडप्याचं लग्नाआधीचं पाण्याखालचं चित्रण केलं. स्वच्छ निळं पाणी. दिवा लावला की नवरीची नथसुद्धा चमकायची. पाण्यातला उजेड आपल्याला कळला, असं मला तेव्हा वाटलं.

मग डोक्यात आलं की आपल्याकडे विहिरी काय कमी आहेत. मोटारी पडतात, पाइप तुटतात, बादल्या बुडतात. खाली काय आहे ते वर बसून दाखवता आलं तर लोक बोलावतील. तशातच सोनगीरजवळच्या एका आबांच्या विहिरीत पाणबुडी मोटारीचा दोर तुटला आणि मोटार तळाला गेली. दोन दिवस गळ टाकून ती लागेना. आबांनी धुळ्याच्या चाचांना बोलावलं, आणि मेहुण्याच्या ओळखीने मला.

चाचा साठीच्या पुढचे. धुळ्यात जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान. पडलेली मोटार काढायला ते स्वतः बुडी मारत, हवेचं नळकांडं नाही की काही नाही, छातीतल्या हवेवर. त्यांची एक रीत होती. पहिली बुडी फक्त हातापायांची. कमरेला विळा खोचून हळूहळू उतरायचं, तळ चाचपायचा, काही अडकण्यासारखं आहे का बघायचं आणि रिकाम्या हातांनी वर यायचं. मोटारीला आकडा लावायचा तो दुसऱ्या बुडीत. माझा कॅमेरा ही पहिली बुडी वाचवणार होता. तसं मीच त्यांना फोनवर पटवलं होतं.

विहिरीवर त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं की दिवा काचेला एवढा चिकटून का बसवलाय. म्हणाले, हिवाळ्यात हायवेवर धुकं पडतं तेव्हा ट्रकवाला वरचा मोठा लाईट लावत नाही, लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्याचंही तसंच असेल, तू दिवा लांब धर, बाजूने.

मी हसून म्हणालो, "चाचा, हा काय ट्रक आहे का?"

त्यांनी कॅमेरा मला परत दिला. यंत्र माझं होतं.

पीव्हीसीचे तीन पाइप जोडून टोकाला कॅमेरा बांधला आणि दिवा लावून पाण्यात सोडला. पाण्याखाली गेला की कॅमेऱ्याचा मोबाईलशी संबंध तुटतो, त्यामुळे खाली काय चाललंय ते वर दिसत नाही. आंधळेपणी फिरवायचा, वर ओढायचा आणि मग बघायचं. फिरवताना पाइप दोनदा तळाला आपटला. एकदा बाजूच्या दगडालाही घासला.

वर काढून बघितलं तर पांढरं, नुसतं पांढरं. जिनिंगच्या शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत कापसाचा तूस उडताना दिसतो, तसे गाळाचे हजारो कण काचेसमोर उडत होते आणि माझाच दिवा त्यांना उजळत होता. मी बोटाने क्लिप पुढे सरकवली. पुन्हा तेच पांढरं. आणखी सरकवली, तेव्हा क्षणभर मोटारीचं चकचकीत टोक दिसलं. मी तिथेच थांबलो. उरलेलं बघितलं नाही. आबा आणि त्यांची बायको माझ्या तोंडाकडे बघत होते. नवं यंत्र घेऊन आलेल्या माणसाने, काही कळत नाही, असं कसं म्हणायचं?

चाचा काठावर बसून पायाला तेल चोळत होते. शेतकऱ्यांशी ते अहिराणीतच बोलत, तसंच त्यांनी मलाही विचारलं, खाली सगळं मोकळं आहे ना. "खाले बठ्ठं मोकळं शे ना, भाऊ?"

"बठ्ठं मोकळं शे, चाचा."

शिवाय मीच सुचवलं की विळा राहू द्या, उगीच मोटारीच्या वायरला लागेल. त्यांनी कमरेचा विळा काढून कठड्यावर ठेवला.

कमरेला दोर बांधून, दगड छातीशी धरून ते गेले. दोर मी आणि आबांनी धरला होता. चाचा म्हणायचे, काठावर कुणीतरी मोठ्याने मोजलं पाहिजे. चाळिसाच्या आत मी वर येतो, पन्नास झाले तर ओढा. आबा मोजत होते. तिसापर्यंत त्यांचा आवाज बाजारात नग मोजावेत तसा होता. चाळीसला तो हळू झाला. दोराला एक हिसका बसला, मग दुसरा, मग काहीच नाही. पन्नासला आम्ही ओढलं. दोर ताठ झाला आणि तसाच राहिला.

त्यानंतर आबांनी मोजणं सोडलं. मला ते आकडे ऐकू यायचे थांबले, याचीच भीती सगळ्यात जास्त वाटली. मला पोहता येत नाही. हात दोरावर होते, पण त्यांत जोर आहे की नाही ते समजत नव्हतं. समोर कठड्यावर विळा होता आणि त्याच्याशेजारी माझा कॅमेरा. दिवा बंद करायचा राहिला होता. भर दुपारच्या उन्हात तो चालू आहे हे कळतही नव्हतं. खालच्या पाण्यावर दोन-चार बुडबुडे आले आणि फुटले. माझ्या मनात त्या क्षणी चाचांचा जीव नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. मनात होतं की आता लोक मला विचारतील.

आबा विळा घेऊन पायऱ्या उतरायला लागले आणि तेवढ्यात दोर सैल पडला. चाचांचं डोकं वर आलं. श्वास घेताना त्यांच्या घशातून जो आवाज आला, तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही. दोघांनी मिळून त्यांना काठावर घेतलं. उजव्या पायाला ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्यांचा गुंता होता, टाचेची कातडी सोलून गेली होती आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती.

आबांनी कपाळावर हात मारला. दोन वर्षांपूर्वी वावटळीत जुन्या नळ्यांची गुंडाळी विहिरीत पडली होती, ते विसरलेच होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, एवढ्या नळ्या कॅमेऱ्यात दिसल्या कशा नाहीत?

मी म्हणालो, "गाळात गाडलेल्या असतील, आबा. चाचांनी पाय मारून गाळ ढवळला, म्हणून वर आल्या."

चाचा लुंगी पिळत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लुंगी पिळायला लागले.

ती क्लिप मी उघडली नाही आणि पुसलीही नाही. कार्ड एका डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवलं. धुळ्याकडचा अनोळखी नंबर आला की फोन बराच वेळ नुसता वाजू द्यायचो. वर्षभराने मेहुण्याकडून कळलं की चाचा आता बुडी मारत नाहीत. सोनगीरकडे लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा दम गेला, उतरतो आणि गाळ ढवळतो. ते वाक्य माझं होतं. मी सोडलेलं, आता गावोगाव फिरत होतं.

यंदा उन्हाळ्यात पिंपळनेरहून एकाने विहीर बघायला बोलावलं. सवयीने हो म्हणून बसलो आणि फोन ठेवल्यावर आबांची विहीर आठवली. आधी घरच्या हौदात करून बघू म्हटलं. हौदात दोन घमेली माती कालवली आणि ठिबकच्या नळीचा तुकडा टाकला. बायको म्हणाली, हौदातली माती काढणारे बघितले होते, टाकणारा पहिलाच. कॅमेऱ्यावर दिवा लावून बघितलं, तोच कापसाचा तूस. मग दिवा काढून हातभर काठीच्या टोकाला बांधला आणि बाजूने तिरका धरला. काचेसमोरचं पाणी काळोखात राहिलं, उजेड थेट तळावर पडला, आणि नळीची कड दिसली. चाचांनी सांगितलं होतं तसंच. कधी कॅमेरा न चालवलेल्या माणसाला जे धुक्यावरून कळलं, ते मी हसण्यावारी नेलं होतं.

हात पुसले, खणातली डबी काढली आणि क्लिप कॉम्प्युटरवर लावली. या वेळी सरकवली नाही. मी थांबलो होतो त्याच्याही पुढे, पाइप दगडाला घासतो त्या जागी, धक्क्याने दिवा वाकडा होतो. उजेड तिरका जातो. आणि अकरा सेकंद तळ दिसतो. मोटार, आणि तिच्याभोवती सैल पसरलेल्या काळ्या नळ्या. गाडलेल्या वगैरे काही नाहीत. वर उडणारा गाळही माझ्याच पाइपाने उठवलेला. मी ते अकरा सेकंद किती वेळा बघितले ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. वाटेत पारोळ्याला उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. चाचा दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसले होते, आणि मोटारी न्यायला आलेली तीन माणसं बाकावर. मी चाचांच्या डावीकडे टेकलो आणि हळू आवाजात जे सांगायचं ते सांगायला लागलो. ते तार गुंडाळतच राहिले. मग माझे ओठ हलताना दिसले तसे म्हणाले, "भाऊ, उजवीकडून बोल. तो कान आबाच्या विहिरीत राहिला."

मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो. आता मोठ्याने बोलणं भाग होतं. बाकावरचे तिघे वळून बघायला लागले. माझं सांगून झाल्यावर चाचांनी तार खाली ठेवली.

"हे मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "आबाला माहीत नाही."

मी मोबाईल काढला. आबांचा नंबर लावला. चाचांनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला आणि मोबाईल त्यांच्या उजव्या कानाजवळ धरला. पलीकडून आबांनी विचारलं, कोण.

"आबा, मी पाचोऱ्याचा फोटोवाला, चाचांच्या दुकानातून बोलतोय. चाचांनी गाळ ढवळला नव्हता. नळ्या कॅमेऱ्यात दिसत होत्या. मी बघितल्या नाहीत, न बघताच मोकळं आहे म्हणालो, आणि विळाही मीच ठेवायला लावला. तुमच्यासमोर मी खोटं बोललो, म्हणून तुमच्यासमोरच बोलतोय. चाचा, माझी चूक झाली. मला माफ करा."