सोसायटीच्या रंगाची होडी

घारेभाऊजींनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. मधलं बोट वाकवून ते दारावर टकटक करायचे, आणि ती टकटक आत आम्हाला ऐकू यावी म्हणून नसायचीच. दार उघडावं तर हे फळीजवळ कान नेऊन उभे. "वहिनी, खालची फळी पोकळ झालीय. पावसाळ्याआधी बघून घ्या." हे झालं की मग कामाचं काय ते बोलायचे. कलिंगड, माठ, भिंत, स्कूटरची टाकी, समोर येईल ते बोटाने वाजवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. आमच्या मुलाच्या पायाला प्लास्टर घातलं होतं, तेही वाजवून त्यांनी "बसलंय बरं" असा निर्वाळा दिला होता.

हडपसरची आमची सोसायटी म्हणजे एकाच कारखान्यातल्या लोकांनी मिळून बांधलेल्या दोन इमारती. आमचे हे स्टोअरमध्ये, घारेभाऊजी पत्र्याच्या खात्यात. नव्वद साल उलटल्यावर कारखान्यांची हवा बदलली, आणि एकेक करून सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कुणाची ते विचारू नका," भाऊजी म्हणायचे. कुणी रिक्षा घेतली, कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं. भाऊजींनी बरेच दिवस काहीच केलं नाही. मग एका दुपारी भंगारवाल्याच्या टेम्पोतून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक होडी आणली आणि पार्किंगमध्ये विटांवर चढवून ठेवली.

होडी कसली, चेपलेलं पातेलंच म्हणा ना. कुठल्याशा धरणावर कामाला होती, मोडीत निघाली. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, बुडाला शेवाळ वाळून चिकटलेलं. हडपसरला ना समुद्र ना तळं. लोक गॅलरीत येऊन बघत होते. भाऊजींनी होडीभोवती एक फेरी मारली, जागोजागी बोटाने वाजवलं आणि मला म्हणाले, "पत्रा जिवंत आहे, वहिनी."

ही होडी कशाला, ते मला त्यांच्या बायकोमुळे ठाऊक होतं. सुमनचं माहेर सिंहगडाच्या पलीकडच्या अंगाला, एका धरणाच्या पाण्यापल्याड. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा बहुतेक लोक उठले, पण तिच्या आईने वर डोंगराच्या कडेला घर बांधलं आणि तिथेच राहिली. पूर्वी लाँच होती, ती बंद पडली. होडीवाला होता, तो मुंबईला गेला. उरली डोंगरावरून चढून-उतरून जायची वाट, आणि सुमनच्या गुडघ्यांना आमचा जिनासुद्धा धड उतरवत नव्हता. आई ऐंशीच्या पुढची. पुण्याला ये म्हटलं तर म्हणायची, "ज्या पाण्यानं माझं घर गिळलं त्याच्यावर डोळा ठेवाया कोन हाय मग?" भाऊजी एकदा सुमनला एसटीने अलीकडच्या काठापर्यंत घेऊन गेले. समोर आईचं घर दिसत होतं, अंगणात कुणीतरी हललं तेही दिसलं. सुमन तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि माघारी आली. भाऊजींनी भंगारवाल्यांकडे चकरा मारायला सुरुवात केली ती त्यानंतर.

सोसायटीला मात्र होडी खपेना. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'पार्किंग वाहनांसाठी आहे. होडीसाठी नदी आहे.' दुसऱ्या दिवशी त्याखाली भाऊजींच्या अक्षरात, 'पाणी दिसताच नेण्यात येईल.' त्यातच वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या निखिलला, म्हणजे अमरावतीहून आलेल्या आयटीवाल्या पोराला, पाडव्याला गाडी मिळणार होती. जागा तीच. मीटिंग बसली. होडी हे वाहन आहे की भंगार यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं, पाडव्याच्या आत होडी पाण्यात, नाहीतर परत भंगारात. भाऊजी उठून म्हणाले, "मान्य आहे. पण तोवर तिला भंगार म्हणायचं नाही."

त्या वर्षी आमचे हे गेले होते. मला काही म्हणजे काही सुधरत नव्हतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी, आणि मी दिवसभर दार लावून घरात. लोक समजुतीचं बोलायचे आणि जायचे. एका सकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर भाऊजी, एका हातात कानस घासून केलेली लाकडी मुठीची खरवडणी. ह्यांच्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "वहिनी, हात रिकामे आहेत का?"

रिकामेच होते. गेले खाली.

आधी खरवडा, मग रंगवा, हा त्यांचा मंत्र. घाई केलेली त्यांना चालत नसे. "खालचं सुटलेलं असताना वरून कितीही लावा, वरचं खालच्याला घेऊन पडतं." लोखंडी ब्रश होडीला लावू द्यायचे नाहीत, लोखंडाचा कण अ‍ॅल्युमिनियमला आतून खातो म्हणून. मग मी आणि सुमन काथ्या आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचो, ती खुर्चीवर, मी पाटावर. हाताची सालं निघाली, पण दुपारी जेवण जायला लागलं. रात्री डोळा लागायला लागला.

मग गळती शोधायची होती. त्याची युक्ती साधी: होडी सुलटी ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेर कुठे थेंब येतो तिथे खडूने खूण करायची. आता आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. भाऊजींनी पहिली बादली ओतली आणि दोन्ही इमारतींतून एकदम आवाज आला. "अहो घारे, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही होडीला पाजताय?" त्यांनी वर बघून हात जोडले. "मग कपडे खळबळल्याचं द्या. तिला शिळं चालतं." आणि काय सांगू, दिलं बायकांनी. जिन्यातून बादल्या उतरत होत्या, कुणाचं निळीचं पाणी, कुणाचं तांदूळ धुतल्याचं. होडी भरली आणि तिच्या पोटाला जागोजागी घाम फुटला.

पत्र्याचे जोड धरणारे ढिले रिबिट ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरून हातोडी मारायची, आणि आतून त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. तो ठोकळा माझ्याकडे आला. मी होडीत, ते बाहेर, मध्ये पत्रा. ते दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. "घट्ट धरा. आत आधार नसला तर बाहेरचा घाव फुकट जातो." ठाण. "पुढचा." ठाण. त्या पत्र्याच्या आड मला एकदा रडू आलं. म्हणजे ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच मोकळं. बाहेर हातोडी थांबली. मग त्यांनी पत्र्यावर बोटाने हलकेच टकटक केलं आणि विचारलं, "धरलाय ना ठोकळा?" मी म्हटलं, "धरलाय." ठाण.

रंग मात्र विकत घ्यायचा नाही असं त्यांनी पहिल्यापासून ठरवलेलं. दारोदार जाऊन दिवाळीचे, ग्रिलचे, दरवाज्यांचे उरलेले ऑइलपेंटचे डबे गोळा केले. कुणाचा पिस्ता, कुणाचा निळा, सेक्रेटरींच्या गेटचा करडा. सगळं फडक्यातून गाळून एका पिंपात ढवळलं. जो रंग झाला त्याला आजतागायत नाव नाही. निखिल जाता-येता बघायचा. एक दिवस ऑफिसातून इंटरनेटवरचे काही कागद छापून घेऊन आला. "काका, हे साधं प्रायमर अ‍ॅल्युमिनियमले पकडत नाही म्हणते. वेगळं लागते." मला वाटलं भाऊजी चिडणार. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले. "बरं झालं आणलंस. मला पत्रा कळतो. रंगाचं खातं वेगळं होतं." बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका जुन्या मित्राकडून ते हिरवट पिवळं प्रायमर त्यांनी मागून आणलं.

रंग लावायच्या आधी, शुक्रवारी, सुमनने होडीची पूजा केली. तेलात कुंकू कालवून होडीच्या पुढच्या टोकाला, नाकाडावर, चांगलं पंज्याएवढं स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला. संध्याकाळी कापडाने पुसलं, पण देवाचं म्हणून कुणी जोर लावून पुसलं नाही. त्यावर प्रायमर बसलं, त्यावर दोन हात रंग. पाडवा अगदी तोंडावर आला असताना भाऊजींनी सवयीने नाकाडावर बोट वाजवलं आणि थबकले. नखाने जरा उचललं, तर रंगाचा पापुद्रा अलगद सुटून आला. बरोब्बर स्वस्तिकाच्या आकाराचा.

सुमनने तोंडाला पदर लावला. "मला बोलवायचं नसेल तिकडे. देवीनेच पुसलं बघा."

"देवीला कशाला मध्ये आणतेस?" भाऊजी म्हणाले. "तेलावर रंग धरत नाही, एवढंच आहे. माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"अहो, पण आता त्याच्यावर परत रंग नका लावू. पाया पडते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग होडीकडे. खरवडणी घेतली आणि त्या आकाराच्या कडा सफाईने नीट करत बसले. तेवढा पत्रा उघडाच ठेवला. "अ‍ॅल्युमिनियम आहे. गंजत नाही. राहू दे श्वास घ्यायला." सुमनने चिंच आणून तो पत्रा पातेल्यासारखा घासला. त्या नावाशिवायच्या रंगावर ते पांढरं स्वस्तिक असं लखलखायला लागलं की बघत राहावं.

वल्ही त्यांनी घरच्या सागवानी खाटेच्या दांड्यांची केली होती. सुमन कुरकुरली, "खाट माझ्या माहेरची होती." "मग माहेरीच चाललीय," हे उत्तर. बाकड्यांखाली गोडेतेलाचे रिकामे कॅन झाकणं घट्ट लावून बांधले, उलटली तरी बुडू नये म्हणून. पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पो भरला. उचलायला सगळ्यात पुढे निखिल, त्याला जागा हवी होती ना. स्वारगेटच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने टेम्पोकडे बघून विचारलं, "काका, पूर येणार आहे का?" भाऊजी म्हणाले, "नाही, आम्हीच चाललोय भेटायला."

मी त्यांच्याबरोबर होडीत बसले होते. पोहता येत नाही मला. सुमनने एका हाताने नारळ आणि एका हाताने माझं मनगट धरलेलं. भाऊजी चार वल्ही मारायचे, थांबायचे, बुडाशी वाकून बोट वाजवायचे, ओलं लागतंय का बघायचे, पुन्हा वल्ही. पलीकडचं घर मोठं होत गेलं. काठावर एक वाकलेली बाई काठी टेकून उभी होती. होडी मातीला लागली. निखिलने आणि टेम्पोवाल्याने अलीकडून शिट्ट्या मारल्या त्या पाण्यावरून ऐकू आल्या. सुमन उतरली, गुडघाभर पाण्यातच उभी राहिली. आई म्हणाली, "लई उशीर केलास गं." आणि मग तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला. थोड्या वेळाने जावयाला विचारलं, "ह्यो रंग कसला म्हनायचा?"

"सगळ्या सोसायटीचा," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी दोघं जायची. होडी अलीकडच्या काठावर चहावाल्याच्या ओळखीने जांभळाखाली असे. पावसाळ्यात पालथी घालायची, दसऱ्याला खरवडून, सुटल्या जागी रंग लावून सुलटी करायची. म्हातारीला दूरचं फारसं दिसत नसे, पण पाण्यावर ते स्वस्तिक उन्हात चमकलं की तिला कळायचं. मग ती भाताला आधण ठेवायची. होडी लागेपर्यंत भात तयार.

भोवती सगळं बदललं. आमच्यामागच्या शेतात काचेच्या इमारती आल्या, निखिलने तिकडेच फ्लॅट घेतला. आणि एका आषाढात घारेभाऊजी गेले. सकाळी चहा घेतला, रिकाम्या कपावर बोट वाजवलं, आणि खुर्चीतच मान टाकली.

सुमनने दार लावून घेतलं. दिवस झाले, श्रावण गेला, दसराही आला. लोक समजुतीचं बोलायचे आणि जायचे. मग तिच्या आईजवळ राहणाऱ्या भाच्याचा माझ्या मोबाइलवर फोन आला. आजीला बोलायचं होतं. तिला जावई गेल्याचं सांगितलेलं होतं. एवढंच म्हणाली, "लई दीस झालं, पान्यावर चमाकलं न्हाई काय."

मी निखिलला फोन केला. तो गाडी घेऊन येतो म्हणाला, भाचा डोंगराने उतरून अलीकडच्या काठाला वल्ही मारायला येणार होता. भाऊजींनी माझ्याकडेच ठेवलेली खरवडणी कपाटावरून काढली. तिची लाकडी मूठ आता माझ्या हाताला बसलेली आहे. सुमनच्या दाराशी गेले. बेलकडे हात गेला होता, पण मागे घेतला. मधलं बोट वाकवून फळीवर टकटक केलं आणि ऐकत उभी राहिले. आत खुर्ची सरकली. पावलं आली, दाराशी थांबली.

"कोण?" तिने विचारलं.

"मीच गं. सुमन, हात रिकामे आहेत का?"

मग कडी निघाली. तिने माझ्या हातातल्या खरवडणीकडे बघितलं, डोळे पुसले आणि विचारलं, "काथ्या घेतलास का?"