सहावा फटका

कुणी नुसतं 'गवत' म्हटलं की खानझोडेताई चिडायच्या. "कुठलं? नाव नाही का त्याला?" मी लखनौच्या वनस्पती संशोधन संस्थेत रुजू झालो, त्या सकाळी त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी आवारातल्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "काय आहे हे?" मी म्हणालो, "लॉन." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की तसंच चारबाग स्टेशनवर जाऊन परतीची गाडी पकडावी असं मला वाटलं.

डॉ. विजया खानझोडे मूळच्या अमरावतीच्या. गवतांवर संशोधन करण्यात त्यांची पंचवीस वर्षं लखनौत गेली होती. लग्न केलं नव्हतं. इंदिरा नगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहायच्या. बाजारात भाजीवाल्याशी बोलताना त्यांची हिंदी इतकी अदबशीर, की तो दोन मिरच्या जास्त टाकायचा. पण राग आला की त्या थेट अमरावतीत पोचायच्या. "काय करून राहिले हे लोक, बाप्पा!" असं कानावर पडलं, की आज कुणाची तरी खैर नाही हे समजायचं.

कॉलनीच्या बागेत 'घास पर चलना मना है' अशी पाटी लागली होती. ताईंनी माळ्याला बोलावून ती काढायला लावली. माळी म्हणाला, "मैडम, सब कहते हैं चलने से मर जाती है." ताई म्हणाल्या, "सबने गिना है? मैंने गिना है. यह दूब है भैया, हमारी हरळी. पाँव पड़ने से और फैलती है." कुणीही कसलंही मत ठोकून दिलं की त्यांचा हाच सवाल असे: मोजलं का? पुष्कळ लोक त्यांना टाळायचे, ते त्यामुळेच.

छावणीच्या बाजूला गोल्फचं एक मैदान होतं. तिथलं गवत रोगानं पिवळं पडलं, तेव्हा क्लबवाल्यांनी ताईंना बोलावलं. तेव्हापासून त्या दर पंधरवड्याला तिथे जायच्या, एक पैसा न घेता. खेळाबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. "एवढी मोठी माणसं एवढ्याशा बॉलच्या मागे चालून राहिली, आणि पायाखाली काय आहे ते एकालाही ठाऊक नाही." त्यांचं पटायचं ते फक्त हेडमाळी रामखिलावन यांच्याशी. त्यांची मुलगी किरन त्याच मैदानावर जुन्या, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळायला शिकली, आणि सदस्यांच्या मुलांना हरवण्याइतकी तयार झाली.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी एका वाहिनीवर गोल्फची एक स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक खेळाडू होऊ पाहणारी बारा मुलंमुली. दर शनिवारी संध्याकाळी एकजण बाहेर. शेवटी उरेल त्याला वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायची संधी. त्या बारांत आमची किरन होती. लखनौत ज्यांनी गोल्फची काठी कधी पाहिली नव्हती, तेही शनिवारी टीव्हीपुढे बसू लागले. मीसुद्धा. सगळ्यात मागे पडलेल्या दोघांपैकी कुणाला काढायचं, हे प्रेक्षक एसएमएस करून ठरवायचे, आणि ते एसएमएस पडद्याच्या तळाशी सरकत राहायचे.

पाचव्या शनिवारी किरनचा बॉल उंच गवतात गेला. ती मारायला उभी राहिली, आणि बॉल जरासा हलला. बस, एवढंच. पण वाहिनीनं तो हलणारा बॉल तीनदा दाखवला, सावकाश, ढोलाच्या आवाजासह, जणू तिनंच तो गुपचूप सरकवला. मग एकदम किरनचा उतरलेला चेहरा. खाली मजकूर धावू लागला. 'चीटर को बाहर करो.' 'लखनऊ की नाक कटा दी.' 'माली की बेटी से और क्या उम्मीद.' गोल्फचे नियम त्यातल्या कितीजणांना माहीत होते कुणास ठाऊक. मला नव्हते. तरी मीही मोबाइल उचलला आणि एक एसएमएस पाठवला. त्या संध्याकाळी किरन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी रविवारी ताईंकडे जेवायला गेलो, तर त्या दुपारचं पुनःप्रक्षेपण लावून, मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. गॅसवर वरण करपत होतं.

"बस इथं. मोज," त्या म्हणाल्या.

मी मोजलं. पहिला फटका उंच गवतात. दुसरा बाहेर. तिसऱ्यात बॉल खड्ड्याजवळ आला. चौथ्यात थोडक्यात चुकला, पाचव्यात आत गेला.

"किती झाले?"

"पाच."

"आणि आता फलकावर बघ."

किरनच्या नावापुढे सहा लिहिले होते.

"गोल्फात जवळ पंच उभा नसतो," ताई म्हणाल्या. खेळाचा तिटकारा असलेल्या या बाईनं एका रात्रीत नियमांचं पुस्तक वाचून काढलं होतं. "मारायला उभं राहिल्यावर बॉल हलला, तर खेळाडूनंच सांगायचं आणि एक फटका स्वतःच्या नावावर चढवायचा. पोरीनं सांगितलं म्हणून सहा झाले! लपवलं असतं तर पाच राहिले असते. तिनं सांगितलं तेवढं या लोकांनी कापलं, आणि बॉल तेवढा तीनदा दाखवला. अरे, उंच हरळीत बॉल जमिनीवर टेकतच नाही, काड्यांवर अडकून राहतो. बाजूला पाय पडला की हलणारच. खरं बोलली म्हणून पोरीला चोर ठरवलं, आणि एवढ्या लोकांतल्या एकालाही पाचापर्यंत मोजता आलं नाही!"

मी मान खाली घालून करपलेलं वरण जेवलो. एसएमएसबद्दल बोललो नाही.

त्याच आठवड्यात क्लबच्या सेक्रेटरींनी रामखिलावनना सांगितलं, की मुलीला काही दिवस सरावाला पाठवू नका, सदस्यांना ते रुचत नाही. ताईंना कळलं तेव्हा त्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट न काढताच रिक्षात बसल्या. मी मागून दुसऱ्या रिक्षानं गेलो.

सेक्रेटरी निवृत्त अधिकारी होते, बोलायला अत्यंत नम्र. ताईंनी त्यांच्यापुढे वही उघडून सहा फटक्यांचा हिशोब समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, आप सही होंगी. लेकिन पब्लिक की भी एक राय बन गई है."

"पब्लिक ने गिना?"

"देखिए, चैनल सफाई दे दे, तो हम भी..."

"चैनल जब देगा तब देगा. आप क्या कर रहे हैं? लड़की ने आपके मैदान पर सच बोलना सीखा, और आपने उसी पर फाटक बंद कर दिया." ताईंनी वही मिटली. "ठीक है. अब से अपनी घास का इलाज भी पब्लिक से ही पूछ लीजिए."

त्या खरोखरच गेल्या नाहीत. महिन्याभरात मैदानावर पुन्हा पिवळे डाग पडले, आणि कमिटीनं किरनला सरावाची परवानगी दिली. माफी कुणीच मागितली नाही. वाहिनीला ताईंनी रजिस्टर पोस्टानं चार पत्रं पाठवली. उत्तरादाखल एक छापील कार्ड आलं: आमच्या कार्यक्रमावरील प्रेमाबद्दल आभारी आहोत, असेच पाहत राहा. ते कार्ड हातात घेऊन ताई खुर्चीत बसल्या होत्या.

मला आजही त्या वाहिनीचा राग येतो. पण त्या दिवशी त्या कार्डाकडे बघताना मला स्वतःचीच किळस आली. मी म्हणालो, "ताई, मीपण एसएमएस पाठवला होता."

त्यांनी कार्ड वहीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगून राहिला? माझा बॉल हलला होता का? चल."

रामखिलावनांची खोली मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून होती. किरन दारात बसून काठीची मूठ पुसत होती. ताई बाहेर लिंबाखाली थांबल्या. आत आल्या नाहीत, मदतीला एक शब्द बोलल्या नाहीत. मी कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, ती रडेल, किंवा 'कोई बात नहीं अंकल' म्हणून मोकळी होईल. तिनं मान वर करून विचारलं, "कौन सा वाला था आपका?"

मला समजेना.

"मैसेज. सब पढ़े हैं मैंने. आपका कौन सा था?"

ते शब्द मला तिच्या तोंडावर म्हणावे लागले. "बेईमान को घर भेजो."

"हाँ," ती म्हणाली. "वो दो बार चला था."

आतून तिच्या आईनं पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. किरन पुन्हा मूठ पुसू लागली. "मैंने वहीं बोला था, अंकल. कैमरे के सामने. बॉल हिली है, एक शॉट मेरे ऊपर लिखिए. लिखा भी था. फिर भी..." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. परतताना घराशी पोचल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "जेवून जा."

काही वर्षांनी ताई निवृत्त होऊन अमरावतीला बहिणीकडे गेल्या. किरनला मोठ्या स्पर्धा खेळायला मिळाल्या नाहीत. बोलावणारे नाव ऐकून दोनदा विचार करायचे. ती दुसऱ्या शहरात मुलींना खेळ शिकवू लागली. चांगलं शिकवते म्हणतात. पण तिला शिकवायचं नव्हतं, खेळायचं होतं, हे मी विसरू शकत नाही.

ताई वारल्याचा निरोप त्यांच्या बहिणीनं दिला. मी किरनचा नंबर शोधून तिला फोन केला. पलीकडे मुलींचा गलका चालला होता. तिनं ऐकलं, आणि ती जरा बाजूला गेली असावी, कारण गलका कमी झाला.

"उस हफ्ते सब आए थे हमारे घर," ती म्हणाली. "पड़ोसी, रिश्तेदार, क्लब वाले. सबने एक ही बात पूछी, सच-सच बता, तूने किया था क्या. एक मैडम ने नहीं पूछा." मागून एका मुलीनं हाक मारली, तिला ती 'आती हूँ' म्हणाली. मग म्हणाली, "बाबूजी ने भी पूछा था."