सुभद्रेनं राखलेला जळका डोंगर

कुणकेश्वराच्या मागचा डोंगर सत्तावन्न साली जळला, आणि तो सुभद्रेच्या हातून जळला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची ती भल्या सकाळी, समुद्रावरचा वारा उठायच्या आत, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी तिला उशीर झाला. पण काम अर्धं टाकून उठेल तर ती सुभद्रा कसली! भर दुपारी तिनं काडी ओढली. वाऱ्यानं ठिणगी उचलली आणि दोन दिवस डोंगर धुमसत राहिला.

तिसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. जळकी झाडं सरसकट कोळसेवाल्याला द्यायची, असं ठरत आलं होतं. खालचा झरा त्या झाडांच्याच जिवावर वाहतो, याचा कुणाला पत्ता नव्हता. सुभद्रा बायकांतून उठली.

"आग माझ्या हातची. पण झाडां मरूक नाय."

"जळक्या झाडात जीव खंय रवता गो?" गावचे मानकरी काशीराम हसले.

"चला, दाखयतंय."

तिनं त्यांना डोंगरावर नेलं आणि काळ्याठिक्कर कुंभ्याच्या खोडावर कोयता घातला. जाड सालीखाली ओल होती. काशीरामांनी बोट लावून पाहिलं.

"दसऱ्यापर्यंत रवा, काका. फुटतली ती ठेवया. मरतली ती मीच दाखयतलंय."

मुदत मिळाली. ऐनाच्या झाडाला बुंध्यातून फुटवा आला, पण कोवळा पाला म्हणजे शेळ्यांना मेजवानी. सहा महिने सुभद्रेनं गावच्या शेळ्या हाकलल्या, शिव्या खाल्ल्या, दुप्पट परत केल्या. स्वतःच्या शेळ्या गोठ्यात बांधून त्यांना डोईवरून चारा आणला.

दसऱ्याला काशीराम वर आले, तेव्हा ऐन छातीएवढा वाढला होता, कुंभा हिरवागार. पातळ सालीची काही झाडं मात्र गेली होती. त्यांत तिची सुरंगी होती, सासूच्या वेळेपासूनची. दर फाल्गुनात तिच्याच फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकून सुभद्रा पोरांना कपडे घ्यायची. रोज ती तिच्या मुळाशी वाकून पाहत आली होती. एक डोळाही फुटला नव्हता.

काशीरामच म्हणाले, "हिका रवांदे गो. आणि एक वरस बघूया."

सुभद्रेला रडू आलं, तिनं ते लपवलंही नाही. पण कुऱ्हाड तिनंच उचलली.

"ही मेली, काका. उरलेल्यांक मात्र कोणी हात लावूचो नाय."

आणि पहिला घाव तिनं घातला.