जळकं ऑइल आणि हळदकुंकू
जळक्या ऑइलचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. नव्वदच्या दशकातली एक खंडेनवमी. पूजेत टायर नवे दिसावेत म्हणून नवऱ्यानं मोटरसायकल धुऊन टायरच्या बाजूंना जळक्या ऑइलचा हात मारला. गाडीबरोबर आलेले ते टायर पाच वर्षांत पार गुळगुळीत झाले होते. "आवं, बदला की आता," मी म्हणाले. "कंपनीचा माल हाय, अजून लय चालंल," म्हणत ह्यांनी त्यांना हळदकुंकू लावलं आणि आम्हाला घेऊन कोरेगावला निघाले. पहिल्याच वळणावर मागचा टायर सरकला, आम्ही पडलो. मांडीवरच्या मुलीची हनुवटी फुटली, आणि हे म्हणतात, "रस्ताच वाईट!" टाके घालून झाल्यावर मीच ह्यांना टायरच्या दुकानात नेलं. "वहिनी, कंपनीचाच देऊ?" दुकानदारानं विचारलं. "नाव नका सांगू," मी ओरडले, "खोल खाचांचा दाखवा." तेव्हापासून दर खंडेनवमीला पूजेआधी मी टायरच्या खाचेत नख घालून बघते. यंदा मुलीच्या स्कूटरच्या टायरमध्ये नख बुडलंच नाही. मी हळदकुंकवाचं ताट उचललं आणि सरळ घरात नेलं.