छत्तीसचे अठरा

माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करायचे आणि श्वासावर त्यांचा फार जीव होता. लहानपणी ते मला पाटावर बसवून श्वास मोजायला लावत. आत घेतला की एक, सोडला की दोन. पुढे मी अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. एका सुट्टीत जेवताना मी त्यांना ऐकवलं की आत-बाहेर मिळून एकच श्वास धरतात. चुकीचं मोजत आलात आयुष्यभर, असंही वर म्हणालो. महिनाभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. आई तेव्हा पोळ्या लाटत होती.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. बुधवारी दुपारी आईचा फोन आला, "यायले दम लागून राह्यला रे."

मी कॉलेजात होतो, समोर उत्तरपत्रिकांचा ढीग. म्हटलं, "घड्याळ घे आणि मिनिटभर श्वास मोज. त्यांना सांगू नको, नाहीतर मुद्दाम संथ घेतील."

तिने मोजले. "छत्तीस भरले."

एवढ्यावर मी लगेच निघायला हवं होतं. पण मी पडलो शहाणा. आमच्या घरचं मोजणं मला ठाऊक, म्हणून छत्तीसचे निम्मे केले. अठरा. वर्गात मी निरोगी माणसाचे बारा ते वीस शिकवतो, त्यात ते बरोबर बसले. "ठीक आहे, आराम करू दे. शनिवारी येतो," म्हणालो.

"तू म्हनतं तं ठीकच असन," आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी वडील गेले. न्यूमोनिया होता. दोन दिवस आधी आणायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला डॉक्टरांचाच राग आला. आईचाही आला. तेरावं झाल्यावर मी तिच्यावर चिडलो, "आत-बाहेर वेगळं मोजायची ती खोड कशाला ठेवलीस? मला नीट आकडा कळला असता."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"कोनी मोजलं वेगळं? तूच तं सांगतलं होतं, दोनी मिळून एक. म्या तसंच मोजलं."

मग ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. सेवानिवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. श्वसनाचा धडा दरवर्षी मलाच शिकवावा लागतो.